अक्षर सुंदर आहे, पण गिऱ्हाईक कोण?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सांगलीची, वय 31. एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते, महिन्याला 14 हजार हातात पडतात. कॉलेजपासून देवनागरी सुलेखन करते. बोरू, कट निब, ब्रश, सगळ्यांवर हात बसलाय. इन्स्टाग्रामवर चार हजार लोक बघतात आणि 'वा ताई' म्हणतात. गेल्या दिवाळीत प्रदर्शनात स्टॉल घेतला. भाडं साडेतीन हजार. सुविचार आणि ओव्या लिहिलेल्या 60 फ्रेम नेल्या, 350 रुपयांना एक. गेल्या फक्त 9. ओळखीतल्या एका बेकरीवाल्याला 500 रुपयांत दुकानाचं नाव लिहून दिलं. ते आता त्याच्या पाटीवर, खोक्यांवर, टेम्पोवर आहे आणि तो मिरजेत दुसरं दुकान काढतोय. बाकीचे 'एवढं नाव लिहून दे ना, तुला काय दोन मिनिटांचं काम' म्हणतात. सासरे म्हणतात क्लास काढ. नवरा म्हणतो, नोकरी सोड आणि वर्षभर पूर्णवेळ करून बघ. काय करू? आणि भाव किती सांगायचा?
— अक्षरवेडी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी त्या 60 फ्रेमचा हिशोब मांडू, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. 9 फ्रेमचे आले 3,150. एवढ्यात स्टॉलचं भाडंही सुटलं नाही. फ्रेम, काच, कागद मिळून एकीला सव्वाशे गेले असतील तर साडेसात हजारांचा माल तुम्ही आधीच करून ठेवला होता, आणि त्यातल्या 51 फ्रेम अजून घरात पलंगाखाली असतील. अक्षर वाईट होतं म्हणून असं झालं नाही. भिंतीवर लावायचा सुविचार ही माणूस घरात एकदा, फार तर दोनदा घेतो अशी वस्तू. कुठली ओवी लावायची हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं, आणि ती तुमच्या साठांत असेलच असं नाही. शिवाय दिवाळीच्या प्रदर्शनात लोक पणत्या, उटणं, भेटवस्तू घ्यायला येतात. तुम्ही आधी वस्तू केली आणि मग गिऱ्हाईक शोधलंत. हा क्रम उलटा करा, बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येईल.

म्हणजे पहिला प्रश्न 'मला काय छान येतं' हा नको. 'अक्षरांवर आत्ता, आजच्या तारखेला, कोण पैसे खर्च करतंय' हा हवा. आणि सांगलीत बसून त्याचं उत्तर शोधणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

हळद आणि बेदाणा तुमच्या दारात आहे. दोन्हींना सांगलीच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे, आणि किलो-अर्धा किलोच्या पाकिटात माल भरून स्वतःच्या नावानं विकणारे छोटे व्यापारी, बचत गट आणि शेतकरी कंपन्या जिल्हाभर आहेत. त्यांची पाकिटं दुकानात जाऊन पाहा. दहातल्या सात-आठ पाकिटांवर एकाच वळणाचं नाव दिसेल, कारण प्रेसवाल्याच्या संगणकात असलेल्या चार फाँटांतला एक त्यानं उचललेला असतो. इथे तुमच्या अक्षराला काम आहे. हळदवाल्याला 'कला' नको असते. शेजारच्या पाकिटात आपलं पाकीट हरवू नये, एवढंच त्याला हवं असतं.

दुसरं गिऱ्हाईक पाट्यांचं. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी नाव देवनागरीत असणं आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. 2022 च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या भराभर बदलल्या गेल्या. पण घाईत बदललेल्या पाट्यांवर काय दिसतं? इंग्रजी नाव देखण्या लोगोत, आणि खाली मराठी नाव कुठल्याशा ठोकळ्या फाँटमध्ये, शेजारच्या घरातून उसनं आणल्यासारखं. असलेल्या रोमन लोगोच्या जाडीला, तिरकेपणाला, टोकांच्या गोलाईला शोभेल असं देवनागरी रूप लिहून देणं, हे काम फार थोडे लोक नीट करतात. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड असा एक फेरा मारा आणि अशा बेजोड पाट्यांचे फोटो काढा. चाळीस तरी सहज मिळतील.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नवं घर घेणारा. त्याला दारावरची पाटी हवी असते, ती वास्तुशांतीच्या आधी हवी असते, आणि त्या दिवसांत त्याचा खिसा सैल असतो. लाखाच्या सोफ्यापुढे अडीच हजारांच्या पाटीला कोणी घासाघीस करत नाही.

लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट, कंपन्यांची कॅलेंडरं हेही बाजार आहेत, पण सुरुवातीला त्यांच्यामागे धावू नका. पत्रिकेत छपाईवाल्याची किंमत आधीच इतकी खाली आलेली आहे की अक्षराला वेगळे पैसे मागितले की कपाळाला आठ्या पडतात. दिवाळी अंकाचं काम आलं तर जरूर घ्या, नाव होतं, पण घर त्यावर चालत नाही.

आता स्पर्धा कोणाशी आहे तेही ओळखून ठेवा. ती दुसऱ्या सुलेखनकाराशी नाही. फुकट फाँटशी आहे. 'बालू', 'मुक्ता', 'मोदक' हे मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले देवनागरी फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात, व्यवसायासाठीसुद्धा, आणि ते खरोखर चांगले आहेत. ज्या कामाला 'मुक्ता' पुरतो ते काम तुमचं नाही. ते मागू नका आणि त्यात भाव पाडूनही शिरू नका. तुमचं काम तिथे सुरू होतं जिथे एकाच नावासाठी अक्षरं घडवावी लागतात: 'श्री' ची वेलांटी पुढच्या अक्षरावर छत धरते, 'क्ष' चा पाय लांबवून त्यावर सगळं नाव उभं राहतं, दोन 'ल' शेजारी आले तर दोघांचं वळण वेगळं होतं. आणि हो, ल आणि श मराठी वळणाचे काढायचे. बरेच फाँट हिंदी वळण देतात आणि जाणत्या गिऱ्हाईकाला ते खटकतं. हा फरक दोन पाट्या शेजारी ठेवून दाखवलात तर भाव सांगायला सोपं जातं. एआयनं केलेल्या चित्रांत जोडाक्षरांच्या चुका सापडतात म्हणून निश्चिंत राहू नका. त्या कमी होत जाणार. नाव नीट समजून घेणं, पाटी भिंतीवर बसेपर्यंत जबाबदारी घेणं, हे मात्र तुमच्याकडेच राहतं.

पुढच्या तीन आठवड्यांत काहीही बनवू नका. दहा माणसांना भेटा: पाट्या-फ्लेक्स करणारे तीन, लेबलं छापणारे दोन प्रेसवाले, घरं सजवणारे दोन इंटिरिअरवाले, मसाला-हळद-बेदाणा विकणारे तीन. फोटोंची फाइल घेऊन जा, पण विकायला जाऊ नका. 'असं काही केलं तर घ्याल का?' हा प्रश्न तर मुळीच विचारू नका, कारण सांगलीत तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. चहा पाजतील, 'मस्तच' म्हणतील, आणि तुम्ही पुन्हा 60 फ्रेम कराल. झालेल्या गोष्टी विचारा: मागचं नाव कोणाकडून लिहून घेतलंत? किती दिवस लागले? पैसे किती गेले? डोक्याला ताप कशाचा झाला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द लिहून घ्या. बहुतेक वेळा 'अक्षर आवडलं नाही' असं ते नसतंच. 'वेळेवर दिलं नाही', 'फाइल अशी दिली की मोठी केल्यावर फाटली', 'नावात चूक निघाली' असं असतं. ज्या तक्रारीवर तुमच्याकडे उपाय आहे, तीच तुमची जाहिरात.

त्या चार हजार लोकांचंही एकदा काय ते बघून घ्या. शेवटच्या पाच पोस्टना पसंती देणाऱ्या 50 जणांची पानं उघडून बघा. आमचा अंदाज, त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच सुलेखन शिकणारे निघतील. ते तुमच्याकडून पाटी घेणार नाहीत, कारण ते स्वतःची स्वतः लिहितील. त्यांना कार्यशाळा विकता येते, सरावाच्या पानांची फाइल विकता येते. गिऱ्हाईक हवं असेल तर पोस्टमध्ये सुटं अक्षर न दाखवता पाटी दारावर बसलेली दाखवा, खाली माप, साहित्य, किती दिवस लागले आणि किंमत लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' हे वाक्य काढून टाका. निम्मे लोक तिथूनच परत जातात, आणि उरलेल्यांतले बरेच नुसती चौकशी करणारे असतात.

भावाकडे येऊ. महिन्याला 25 हजार सुटावेत असं धरू. शाई, कागद, संगणक, वीज, फोन, फिरणं यांचे पाच हजार धरले की झाले 30 हजार. महिन्याचे 25 दिवस, दिवसाचे 6 तास म्हणजे 150 तास. यातले निम्मेच विकले जातात. उरलेले बोलण्यात, हेलपाट्यांत, सरावात आणि उधारीच्या फोनांत जातात. 30 हजार भागिले 75, म्हणजे तासाला 400 रुपये. हा तुमच्या घरातला आकडा, गिऱ्हाईकाला सांगायचा नाही. तासावर भाव सांगितला की पुढचा वाद 'एवढे तास कशाला लागतात' यावर जातो.

एका दारपाटीला लावून पाहू. बोलणं अर्धा तास, तीन कच्ची रेखाटनं दीड तास, पक्कं लेखन एक, संगणकावर एक, लेझरनं पाटी कापून देणाऱ्या कटिंगवाल्याकडे पाऊण, पॅकिंग आणि पोच पाऊण. साडेपाच तास, म्हणजे 2,200. कटिंग आणि साहित्य 700, पॅकिंग-कुरिअर 150. बेरीज 3,050. शंभर पाट्यांत काही पुन्हा कराव्या लागतातच, म्हणून वर दहा टक्के. झाले 3,355. ऑनलाइन मशीनवरची पाटी याच्या निम्म्याहून कमी किमतीत घरपोच येते. आता इथे बहुतेक कलावंत एकतर भाव पाडतात नाहीतर 'लोकांना कदर नाही' म्हणतात. दोन्ही करू नका. तास कमी करा. तीन रेखाटनांऐवजी तीन ठरलेल्या शैली आधीच छापून ठेवा, गिऱ्हाईकानं त्यातली एक निवडायची, मग एकच रेखाटन आणि एकदाच बदल. मापं दोनच: 12 बाय 6 इंच आणि 14 बाय 8 इंच. साहित्य दोनच. कटिंगवाल्याकडे शनिवारी चार पाट्यांच्या फाइली एकदम. आता पाटीला तीन तास लागतात: 1,200 अधिक 700 अधिक 150, वर दहा टक्के, 2,255. तेवीसशे सांगा. ज्याला तीन रेखाटनं आणि वेगळं माप हवं, त्याला चौतीसशे. दोन भाव समोर असले की लोक 'घेऊ की नको' सोडून 'कुठली घेऊ' यावर येतात.

पाटी कुठे बिघडते तेही सांगतो, कारण कागदावरचं अक्षर कापलं जातं तेव्हा त्याचे नियम बदलतात. देवनागरीची शिरोरेषा ही इथे मोठी सोय आहे: अख्खा शब्द तिला लटकून एका तुकड्यात निघतो, रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं चिकटवावं लागतं. पण अनुस्वार आणि विसर्ग सुटतात. 'आनंद' कापलात की तो ठिपका कटिंगवाल्याच्या टेबलाखाली कुठेतरी गेलेला असतो, आणि गिऱ्हाईकाच्या दारावर 'आनद' लागतं. एकतर मागे अखंड पट्टी घेऊन त्यावर ठिपका चिकटवा, नाहीतर अनुस्वार खाली आणून दोन-तीन मिलिमीटरच्या मानेनं शिरोरेषेला जोडून घ्या. उलट, पत्र्यातून अक्षर कोरून आरपार काढायचं असेल तर ब, व, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तिथे तो तुकडा धरून ठेवणारी बारीक पट्टी, म्हणजे पूल, ठेवावा लागतो. 3 मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये सगळ्यात बारीक रेघ 3 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. ब्रशची ती केसासारखी शेपटी कागदावर जीव घेते, पण स्क्रू आवळताना तीच आधी तुटते. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, बाहेरच्या दाराला देऊच नका, पहिल्या पावसात कडा फुगतात. आणि खरबरीत प्लास्टरवर दुतर्फी टेप टिकत नाही, ती गुळगुळीत लाकडी दारासाठी. भिंतीसाठी चार कोपऱ्यांना स्क्रू आणि मागे आधाराच्या नळ्या.

फाइल देताना: अक्षर कागदावर 8 ते 10 सेंटिमीटर उंच, गडद काळ्या शाईत, गुळगुळीत जाड कागदावर लिहा. फोनवर फोटो न काढता 600 डीपीआयला स्कॅन करा. इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ट्रेस करा, म्हणजे स्कॅनच्या कडा रेषांत बदलून घ्या, पण ट्रेस झाल्यावर तशीच फाइल पाठवू नका. आपोआप झालेल्या ट्रेसमध्ये एका वेलांटीला दीडशे बिंदू येतात आणि लेझर तिथे थरथरत कापतो. कड करवतीसारखी दिसते. बिंदू हातानं कमी करा, वीस-पंचवीस पुरतात. सगळ्या रेषा बंद आहेत का बघा. कटिंगवाल्याला डीएक्सएफ किंवा एसव्हीजी द्या, प्रेसवाल्याला पीडीएफ. कटिंगवाल्याला पहिल्या भेटीत विचारून घ्या की तो मिनिटावर पैसे लावतो की इंचावर, कारण मिनिटावर असेल तर ते दीडशे बिंदू तुमच्याच खिशातून जातात.

पाकिटाच्या अक्षराचं गणित वेगळं. तिथे नाव दीड-दोन इंच रुंदीत बसतं, बारीक कोपरे शाईनं भरून जातात, आणि गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर बारीक रेघ गिळली जाते. म्हणून मंजुरी घेण्याआधी नाव खऱ्या मापात छापून, कापून, खऱ्या पाकिटावर चिकटवून हातभर लांबून बघा. पाटीचं उलट. साधारण ठोकताळा असा: दर दहा फुटांना एक इंच उंची. चाळीस फुटी रस्त्यापलीकडून चालणाऱ्याला वाचता यायचं तर अक्षराचं अंग चार इंच तरी हवं, गाडीवाल्यासाठी दुप्पट. पण देवनागरीत अंग म्हणजे शिरोरेषेपासून खाली पायापर्यंत. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, हे मिळून जवळपास तेवढीच जागा आणखी घेतात. दोन फूट उंचीच्या पाटीवर वर-खाली तीन-तीन इंच सोडले तर उरतात 18, आणि अंगाला मिळतात जेमतेम 9. गिऱ्हाईकाला हे कागदावर काढून दाखवा, नाहीतर 'अक्षर एवढं लहान का' हे पाटी वर चढल्यावर ऐकावं लागतं.

शुद्धलेखनाचं तर विचारू नका. घरांची नावं ही चुकांची खाण आहे. 'आशीर्वाद' लोक आग्रहानं 'आशिर्वाद' लिहून पाठवतात. 'मातृच्छाया' चं 'मातृछाया' होतं. तुम्ही मुकाट्यानं दुरुस्त करायचं नाही आणि चुकीचं मुकाट्यानं लिहायचंही नाही. दोन्ही रूपं व्हॉट्सॲपवर पाठवा, 'कोशात पहिलं आहे, तुम्हाला कुठलं हवं ते टाइप करून पाठवा' असं लिहा, आणि त्यांचं टाइप केलेलं उत्तर आल्याशिवाय शाईला हात लावू नका. आडनावात तर त्यांचंच खरं. 'कऱ्हाडे' की 'कऱ्हाडकर', हे फोनवर ऐकून लिहायचं नाही.

पैशाची शिस्त पहिल्या कामापासून. निम्मे आगाऊ, ते आल्यावर रेखाटन. बदल एकदा किंवा दोनदा, जे ठरलं असेल ते; त्यापुढचा प्रत्येक बदल 300 रुपये. दाखवायचं रेखाटन कमी रिझोल्यूशनचं. पक्की फाइल उरलेले पैसे आल्यावर. 'घरचंच काम आहे' म्हणणाऱ्यांसाठीही हेच, फक्त हसून सांगायचं. फुकट नाव मागणाऱ्यांना नाही म्हणायला जड जात असेल तर वर्षातून एक दिवस ठरवा, गुढीपाडवा म्हणा, त्या दिवशी येईल त्याला बुकमार्कवर नाव लिहून द्या. बाकीचे 364 दिवस 'पाडव्याला या ना' म्हणता येतं.

कापडाच्या किंवा मसाल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याकडून पैसे अडकतात, त्यासाठी छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी आत्ताच करून ठेवा. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. व्याज मिळवायला भांडावं लागेल हे खरं, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापली की बिलं जरा लवकर निघतात.

जीएसटीचा एक खड्डा तुमच्या गावालाच जवळ आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही, दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला फाइल पाठवली तरी नाही. पण वस्तू राज्याबाहेर विकली की वेगळं. बेळगाव मिरजेपासून दोन-अडीच तासांवर, मराठी माणसांचं, पाट्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. पण ते कर्नाटकात. तिथे तयार पाटी पाठवणं म्हणजे आंतरराज्य विक्री, आणि काही ठरावीक हस्तकला वस्तू सोडल्या तर तिला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. तोपर्यंत बेळगावला फाइल विका, पाटी त्यांनी तिथेच कापून घ्यावी. पहिली मोठी ऑर्डर घेण्याआधी अर्धा तास सीएकडे बसा.

सासऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मे महिन्यात दहा मुलांची एक तुकडी घ्या, दीड-दीड तासाचे आठ वर्ग, माणशी 1,200. आले 12 हजार. बोरू, निब, शाई, वही यांचा संच माणशी अडीचशे, म्हणजे 2,500, हॉलचे 2,000. उरले साडेसात हजार. शिकवण्याचे 12 आणि तयारीचे 6, असे 18 तास. तासाला 400 च्या थोडं वरच पडतं, म्हणजे पाटीइतकंच. पण वर्षभर क्लास चालवलात तर संध्याकाळ कायमची जाते, आणि गिऱ्हाईकांना संध्याकाळीच सवड असते. उन्हाळ्यात एक, दिवाळीच्या सुट्टीत एक, बस.

नोकरी मात्र आत्ता सोडू नका. नवऱ्याचा विश्वास चांगला, हिशोब कच्चा. शाळा सांभाळून आठवड्याला 12 तास काढलेत तर महिन्याचे 50 होतात, त्यातले 30 विकले गेले तरी 12 हजार येतात. सहा महिने हे जमलं, आणि त्या सहांत चातुर्मासाचा आणि पितृपक्षाचा मंद काळ येऊन गेला, की मग पुन्हा बोलू. पाडवा ते अक्षय्य तृतीया वास्तुशांती आणि नवी दुकानं असतात, आषाढी ते कार्तिकी लग्न नाही, पितृपक्षात नव्या दाराला कोणी पाटी लावत नाही, दसऱ्याला पुन्हा उसळी. पाडव्याच्या पाट्यांची कामं फेब्रुवारीतच घ्यायला सुरुवात करा, आणि पाडव्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात नवं काम घेऊच नका, कारण कटिंगवालाही तेव्हा तुमचा फोन उचलत नाही. नोकरी सोडायच्या दिवशी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. पुढच्या प्रदर्शनात जाल तेव्हा फ्रेम नेऊ नका. सहा नमुन्याच्या पाट्या, भावाचा फलक, ऑर्डरची वही, आणि समोर बसून 50 रुपयांत बुकमार्कवर नाव. दोन मिनिटांत एक नाव होतं, घोळका जमतो, आणि घोळक्यातला एखादा नवं घर घेतलेला असतोच.

राहिला बेकरीवाला. त्याच्याशी भांडू नका. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, हे तुमच्या बाजूचं आहे. पण 500 रुपयांच्या, तोंडी ठरलेल्या कामावर वकील लावण्यात अर्थ नाही. शिवाय तो तुमचा सगळ्यात चांगला नमुना आहे. गावभर फिरणारा टेम्पो. पुढच्या कामांना मात्र भाव लेखनाचा वेगळा आणि वापराचा वेगळा धरा. एका गावातलं एक दुकान असेल तर मूळ भाव, राज्यभर जाणारं पाकीट असेल तर दुप्पट, सगळे हक्क कायमचे हवे असतील तर तिप्पट ते चौपट. आणि बिलावर एक ओळ: 'वापर अमुक दुकान व अमुक गावापुरता, मुदत अमुक वर्षं.'

त्याला निरोप असा पाठवा: 'दादा, मिरजेच्या दुकानाबद्दल कळलं, अभिनंदन. आधीचं नाव मी एका दुकानापुरतं, साध्या फोटोवरून केलं होतं. पाटी मोठी होईल तेव्हा त्याच्या कडा फाटतील. दोन्ही दुकानांसाठी पाटीची, खोक्याची आणि टेम्पोची अशा तीन मापांच्या पक्क्या फाइली आणि वापराचा लेखी परवाना, सगळं मिळून 6,000. मागचे 500 त्यातून वजा, म्हणजे 5,500. निम्मे आधी. आठ दिवसांत देते.' आणि निरोप दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पाठवा. बेकरीत पहाटे भट्टी असते आणि संध्याकाळी गर्दी, मधल्या वेळेतच त्याला फोनकडे बघायला फुरसत मिळते.